गिलाव्यामागचं घर

प्रागच्या जुन्या चौकात सगळ्यांच्या माना खगोलीय घड्याळाकडे. ठोके पडतात, प्रेषितांच्या मूर्ती खिडकीतून फिरून जातात, वर धरलेले फोन खाली येतात, गर्दी पांगते. चौकाच्या पूर्वेला, गुलाबी-पांढऱ्या किन्स्की राजवाड्याला खेटून एक मनोऱ्यासारखं उघड्या दगडाचं घर आहे. त्याच्याकडे बघायला फारशी कुणाला सवड नसते. टोकदार कमानींच्या खिडक्या, वर उभट छप्पर, कोपऱ्यावर बसवलेली दगडाची घंटा. प्रागमधल्या घरांना नंबर पडू लागले ते १७७० साली. तोवर पत्ता सांगायचा तो अशाच खुणांवरून. हे ‘दगडी घंटेचं घर’.

१३०३च्या आगीनंतर प्रागचा किल्ला राजाला राहण्याजोगा उरला नव्हता. १३१०मध्ये गादीवर आलेला लक्झेंबर्गचा योहान त्यामुळे गावातच राहायचा. त्याचा मुलगा, पुढचा सम्राट चौथा कार्ल, १३१६मध्ये याच घरात जन्मला असावा असं काही अभ्यासक म्हणतात. पुरावा नाही. दर्शनी भिंतीवर सिंहासनावर बसलेले राजा-राणी कोरलेले होते, म्हणून तर्काला जागा आहे इतकंच.

मला ओढ आहे ती पुढच्या गोष्टीची. सतराव्या शतकाच्या अखेरीस टोकदार कमानींची ही गॉथिक शैली म्हणजे जुनाट, असं वाटू लागलं आणि घर बरोक थाटात सजवायचं ठरलं. गवंड्यांनी भिंतीबाहेर आलेलं कोरीवकाम छाटलं. छत्र्या, खिडक्यांच्या जाळ्या, मूर्तींचे हातपाय, सगळं फोडलं आणि नव्या बांधकामात भर म्हणून कोंबलं. दगड फुकट का घालवायचा, हा साधा धंदेवाईक हिशेब. वर गिलावा झाला. पुढे एकोणिसाव्या शतकात आणखी एक नवबरोक मुखवटा चढला. चौकातून रोज जाणाऱ्यांनाही आत काय आहे याची कल्पना नव्हती.

१९६०च्या दशकात तज्ज्ञांनी भिंती तपासल्या आणि आतून गॉथिक घर निघालं. १९७५ ते १९८७ अशी बारा वर्षं ते सोलून काढण्यात गेली. भिंतींतून कोरीव तुकडे हजारोंनी निघाले. एखादा तुकडा हातात घेऊन तो कमानीचा की कुणाच्या वस्त्राच्या चुणीचा, हे ठरवत बसायचं! फोडणाऱ्यांनी तो मलबा गाडीत घालून नदीकाठी ओतला असता, तर जुळवायला काहीच उरलं नसतं.

पण मग बरोकचं काय? जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४च्या व्हेनिस सनदेनुसार इमारतीवरच्या प्रत्येक काळाच्या कामाचा मान राखायचा. वरचा थर काढायचा तो क्वचितच, जेव्हा तो किरकोळ असेल आणि खालचा फार मोलाचा. नवबरोक मुखवटा गेल्याचं मला तरी दुःख नाही. तरीही तीन शतकांचा संसार खरवडून एकाच शतकाला चौकात उभं करायचं, यात थोडी दांडगाई आहेच. ती पोटात घालावीशी वाटते ती दर्शनी भिंतीवरच्या रिकाम्या कोनाड्यांमुळे. तिथे नवे राजा-राणी घडवून बसवणं अवघड नव्हतं, पर्यटकांना आवडलंही असतं. तसं केलं नाही. १९८८पासून इथे शहराच्या कलादालनाची प्रदर्शनं भरतात आणि टोकदार कमानींखाली बहुतेक वेळा अगदी आजची चित्रं, छायाचित्रं लावलेली असतात.