बांधा आणि बळ

नवी दिल्लीत संसद मार्गावर रिझर्व्ह बँकेच्या प्रवेशद्वारापाशी दोन भव्य पाषाणमूर्ती उभ्या आहेत. एक यक्ष आणि दुसरी यक्षी. शांतिनिकेतनचे शिल्पकार रामकिंकर बैज यांनी त्या घडविल्या. यक्ष हा उद्योगाचे प्रतीक, तर यक्षी कृषिसमृद्धीचे. ही यक्षी नाजूक म्हणता येणार नाही. अंगाने ती भरीव आहे, भक्कम आहे. तिच्यावरून पुढे राज्यसभेत प्रश्नही विचारला गेला. पण तो तिच्या वस्त्रांविषयी होता, बांध्याविषयी नव्हे. याच शहरातील राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहात मोहेंजोदडोची ती सुप्रसिद्ध कांस्यनर्तकी आहे. उंची जेमतेम साडेदहा सेंटिमीटर, हातपाय काटकुळे, एक हात बांगड्यांनी खांद्यापर्यंत भरलेला आणि कमरेवरचा दुसरा हात बेफिकीर. दोघीही भारतीय, आणि दोघीही आपापल्या परीने सुंदर. मग स्त्रीदेहाचा आदर्श म्हणून यांतील कोणती निवडावी?

हा प्रश्न मला केवळ कलेच्या आवडीतून पडलेला नाही. माझी पुतणी गुरुग्राममध्ये नोकरी करते आणि आठवड्यातून चार दिवस व्यायामशाळेत जाऊन वजने उचलते. तिचे खांदे रुंद झाले आहेत, दंड भरले आहेत. गेल्या हिवाळ्यात एका स्थळाकडून निरोप आला, "मुलगी शिकलेली आहे, स्वभावाने चांगली आहे, परंतु जराशी पुरुषी वाटते." तेव्हापासून पुण्याहून माझ्या धाकट्या जाऊबाईंचा एकच धोशा चालू आहे, "जाऊबाई, तुम्ही तिथे जवळ आहात, तिला तुम्हीच समजावा. लग्न ठरेपर्यंत तरी ते लोखंड खाली ठेव म्हणावं." पुढच्या स्थळाला पाठवायचा फोटो पूर्ण बाह्यांच्या पोलक्यातला असावा, असेही त्यांनी सुचविले आहे.

जाऊबाईंचा मला राग येत नाही. त्यांची काळजी मुलीच्या संसाराची आहे, आणि आपल्या भाषेनेच ती काळजी त्यांच्या मनात रुजवली आहे. सडपातळ मुलीला आपण कौतुकाने 'चवळीची शेंग' म्हणतो. तन्वंगी, शेलाटी, नाजूक, हे सारे गौरवाचे शब्द. अंगापिंडाने भरलेल्या मुलीसाठी मात्र आपल्यापाशी धिप्पाड, आडदांड, राकट हेच शब्द उरतात. 'काटक' हा एक चांगला शब्द आहे खरा, पण तो आपण शेतावर राबणाऱ्या बाईसाठी राखून ठेवतो. वधूच्या वर्णनात तो मी कधी वाचलेला नाही.

वास्तविक आपल्या आज्या-पणज्यांच्या अंगात बळ कमी नव्हते. पहाटे उठून जाते ओढायचे, मुसळाने साळी कांडायच्या, विहिरीचे पाणी शेंदायचे आणि भरलेली घागर डोक्यावर घेऊन चढ चढायचा, ही कामे नाजूक मनगटांनी होत नसत. त्या दंडांवर वाकी आणि बाजूबंद शोभत. त्या दंडांना कोणी पुरुषी म्हणत नसे, कारण ते बळ घराच्या कामी येत होते आणि नऊवारीच्या पदराआड झाकलेले होते. तेवढेच बळ एखादी मुलगी स्वतःच्या इच्छेने, स्वतःसाठी कमावू लागली आणि ते लोकांच्या दृष्टीस पडू लागले, की आपल्याला सौंदर्याची आठवण होते! आपला आक्षेप स्नायूंना नसून त्यांच्या मालकीला आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

दिल्लीपासून फार दूर नसलेल्या अलीगढच्या हमीदा बानू या कुस्तीगीर स्त्रीची हकीकत या संदर्भात मोठी बोलकी आहे. 1954 साली बडोद्याला बाबा पहिलवान यांना त्यांनी 1 मिनिट 34 सेकंदांत चीत केले. त्यांचे वजन 108 किलो होते. वर्तमानपत्रे त्यांचा आहार आणि शरीराची मापे चवीने छापीत. परंतु पुण्यात रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली त्यांची कुस्ती स्थानिक कुस्तीगीर संघटनेच्या विरोधामुळे रद्द करावी लागली. पाहायला गर्दी लोटे, आणि लढू मात्र द्यायचे नाही!

तेव्हापासून आतापर्यंत यमुनेतून पुष्कळ पाणी वाहून गेले. 2000 साली सिडनी ऑलिंपिकमध्ये कर्णम मल्लेश्वरी यांनी 69 किलो वजनगटात एकंदर 240 किलो भार उचलून कांस्यपदक मिळविले. ऑलिंपिक पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. 2021 साली दिल्ली क्रीडा विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू म्हणून त्यांचीच नेमणूक झाली. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच दिल्लीत हरियाणाच्या बलाली गावच्या गीता फोगाट यांनी कुस्तीत सुवर्णपदक जिंकले. त्या खेळात ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. त्यांची चुलतबहीण विनेश पॅरिसमध्ये 2024 च्या ऑगस्टमध्ये 50 किलो गटाच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचली, आणि 100 ग्रॅम वजन अधिक भरल्यामुळे अपात्र ठरली. आदल्या रात्री वजन उतरविण्याच्या धडपडीत तिचे केसही कापले होते. स्त्रीचे केस म्हणजे तिचे लावण्य, असे मानणाऱ्या आपल्या समाजाने त्या सकाळी तिच्या केसांची हळहळ केली नाही. हळहळ केली ती हुकलेल्या पदकाची. पदकासाठी कमावलेले स्नायू आता आपल्याला चालतात. पदकाविना असलेले अजून चालत नाहीत.

स्त्रीने वजने उचलली तर ती पुरुषासारखी दिसू लागेल, ही भीती मात्र बरीचशी निराधार आहे. स्नायूंच्या वाढीला चालना देणारे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक पुरुषांच्या रक्तात स्त्रियांच्या सुमारे दहा ते वीसपट असते. त्यामुळे सर्वसाधारण स्त्रीचे अंग व्यायामाने घट्ट होते, बळ वाढते, पण ती पहिलवान होत नाही. उलट, तिशीनंतर दर दशकात स्नायूंचा काही भाग आपोआप झिजत जातो आणि पाळी थांबल्यावर हाडेही वेगाने विरळ होऊ लागतात. भार पेलण्याच्या व्यायामाने ही झीज पुष्कळ मंदावते. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या मार्गदर्शनात प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा असे सांगितले आहे, आणि त्यात स्त्री-पुरुष असा भेद केलेला नाही. माझ्या सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले, तेव्हा हे शास्त्र आमच्या घराला फार महागात कळले. त्या आयुष्यभर सडपातळ होत्या. सगळे त्यांच्या बांध्याचे कौतुक करीत. आता खुर्चीतून उठायला त्यांना दोन माणसे लागतात, आणि शनिवार-रविवारी त्या पुतणीचीच वाट पाहत बसतात, कारण ती एकटी त्यांना न दुखविता उठविते.

आता दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. रंगमंचावर तेल चोपडून, अंगातले पाणी आटवून, शीर न् शीर दाखविणारी शरीरसौष्ठवाची स्पर्धा माझ्या डोळ्यांना रुचत नाही. पुरुषांची असो वा स्त्रियांची. परंतु ती माझी आवड झाली, न्याय नव्हे. झटपट फुगण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या औषधांविषयी मात्र मी कठोर आहे. त्यांनी स्त्रीचा आवाज घोगरा होतो, पाळी बिघडते, आणि आवाजातला बदल पुष्कळदा कायमचा राहतो. शिवाय पोट सपाटच हवे, दंडावर रेघ उमटलीच पाहिजे, असा नवा साचा कोणी मुलींपुढे ठेवू लागला, तर जुन्या चवळीच्या शेंगेने काय वाईट केले होते? पुतणीला मी हे सारे विचारले. ती म्हणाली, "काकू, मी आरशासाठी उचलत नाही. गेल्या वर्षी चाळीस किलो उचलत होते, आता साठ उचलते, एवढंच मला ठाऊक."

जाऊबाईंना मी सविस्तर पत्र लिहिले आहे. मुलीला समजावण्याचे काम माझ्याकडून होणार नाही, असे त्यात स्पष्ट केले आहे. पूर्ण बाह्यांचे पोलके शिवून तिचे खांदे फोटोत झाकता येतील, पण लग्नानंतर ते त्या घरात दिसणारच आहेत. तेव्हा नापसंती व्हायचीच असेल तर ती आधीच झालेली बरी. सोबत तिचा एक फोटो पाठविला आहे. लोदी उद्यानात काढलेला, बिनबाह्यांच्या पोलक्यातला, आजीला हाताला धरून चालवतानाचा. पत्र पाठवून तीन आठवडे झाले. जाऊबाईंचे उत्तर अद्याप आलेले नाही.