मीटरला एकट्याला विचारू नकोस

नरसी नामदेव,
कार्तिक शुद्ध एकादशी

चि. धाकट्यास ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले गाडीचे फोटो पाहिले. 2017 सालची, एकाच मालकाची आणि मीटर 38 हजार. ‘ताई, रनिंग फार कमी आहे, रविवारी टोकन देऊन टाकतो,’ असं तू लिहिलंस. टोकन देण्याआधी हे पत्र शांतपणे वाच. फोनवरही सांगता आलं असतं, पण कागदावर असलं म्हणजे गाडी बघायला जाताना खिशात नेता येईल.

आपली व्हॅन आठवते ना? आईला दर पंधरा दिवसांनी नांदेडला दवाखान्यात न्यावं लागायचं, म्हणून बाबांनी हळदीच्या पैशांतून घेतली होती. मीटरवर 46 हजार. तिसऱ्याच महिन्यात कळमनुरीच्या पुढे क्लच गेला आणि आई दोन तास बाभळीच्या विरळ सावलीत बसून राहिली. मिस्त्रीनं गाडी खोलली, तेव्हा सीटखालच्या मॅटमध्ये जुन्या सर्व्हिसिंगचं एक बिल सापडलं. तारीख आपण गाडी घेण्याच्या दीड वर्ष आधीची आणि किलोमीटर 1,12,000. बाबांनी ते बिल घडी करून पंचांगात ठेवलं. पैशांपेक्षा त्यांना आईला तसं उन्हात बसवल्याचं जास्त लागलं.

मीटर थांबवणं किंवा मागे फिरवणं अवघड नसतं, हे तेव्हा मिस्त्रीनंच समजावलं. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत केबल यायची. ती काढून ठेवली की गाडी धावायची आणि आकडा जागच्या जागी. आता आकडा चिपमध्ये असतो, पण यंत्र जोडून तोही बदलणारे आहेत. म्हणून मीटरला एकट्याला विचारू नकोस. बाकीचे साक्षीदार गाडीतच असतात.

आधी भागाकार कर. आठ वर्षांत 38 हजार म्हणजे रोजचे तेरा किलोमीटर. घरची गाडी साधारणपणे वर्षाला दहा ते पंधरा हजार चालते. कमी चालणं अशक्य नाही. एखादे निवृत्त गृहस्थ फक्त मंडईपर्यंत जात असतील. पण मग गाडी कोण चालवायचं, रोज कुठे जायचं, हे विचार आणि उत्तर आकड्याशी जुळतं का बघ.

मग दार उघडून पायाकडे बघ. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर घासून गुळगुळीत झालंय का? की गाडी जुनी आणि रबर तेवढं कोरं करकरीत? स्टिअरिंगला हाताची चकाकी आली आहे का, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बसली आहे का? समोरच्या काचेवर उन्हात तिरकं बघ. हायवेला खूप धावलेल्या काचेवर बारीक खड्यांचे टोचे दिसतात. टायरच्या कडेला चार आकडी खूण असते. 1217 म्हणजे 2017 सालचा बारावा आठवडा. टायर साधारण चाळीस-पन्नास हजार किलोमीटर टिकतात. पण रबर वयानंही कडक होतं, तेव्हा नवे टायर दिसले की लगेच संशय घेऊ नकोस, कधी आणि किती किलोमीटरला बदलले ते विचार.

सगळ्यात मोलाचे म्हणजे कागद. सर्व्हिसिंगच्या प्रत्येक बिलावर त्या दिवशीचे किलोमीटर लिहिलेले असतात. ती बिलं तारखेनं लाव. आकडा कुठेही मागे जाता कामा नये. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मालकाकरवी जुनी नोंद काढून घे. फास्टॅगचा हिशेब दाखवायला सांग. आरसीवर गाडी आधी टॅक्सी म्हणून नोंदलेली होती का, तेही तपास.

आणि जास्त चाललेली गाडी वाईटच, हा समज सोड. हायवेला एका लयीत 90 हजार चाललेली, वेळच्या वेळी ऑइल बदललेली गाडी, आपल्याकडच्या काळ्या मातीत खचलेल्या रस्त्यांवर 40 हजार आदळलेल्या गाडीपेक्षा निरोगी असू शकते. नुसती उभी राहिलेली गाडीही बिघडते. बॅटरी उतरते, रबरी भाग तडकतात. खरे 90 हजार सांगणारा माणूस मिळाला, तर खोट्या 38 हजारांपेक्षा तो जवळचा मान.

आता कायद्याचं. बेल्जियममध्ये 2006 पासून जुनी गाडी विकताना किलोमीटरच्या नोंदींचा कार-पास द्यावाच लागतो. आपल्याकडे 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं आणि ताब्यातल्या गाडीच्या फेऱ्यांची किलोमीटरसह नोंद ठेवावी लागते. तुझ्या डीलरकडे ते अधिकारपत्र मागायला संकोचू नकोस. आणि विक्रीच्या कागदावर मीटरचा आकडा सहीनिशी लिहून घे. पुढे ग्राहक आयोगात जायची वेळ आली, तर हातात काहीतरी असेल.

आज नामदेव महाराजांची जयंती. नांदेडच्या हुजूर साहिबला आलेले पंजाबातले भाविक आपल्या गावालाही येतात, ते तू लहानपणापासून पाहिलंस. इथे जन्मलेले नामदेव महाराज थेट गुरदासपूरकडच्या घुमानपर्यंत गेले. ती वाट मोजायला कुठलं मीटर होतं? पण गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत, घुमानला त्यांचं स्थान आहे, आणि तिकडची माणसं आजही नरसीची वाट विचारत येतात. झालेला प्रवास असा आपल्या खुणा ठेवून जातो. गाडीही ठेवते, त्या बघायला वेळ द्यावा लागतो, एवढंच.

आई रोज विचारते, गाडी घेऊन कधी येतोस. पण घाई करू नकोस, हेही तीच म्हणाली. बाबांच्या पंचांगातलं ते बिल या पाकिटात घातलं आहे. गाडी बघायला जाशील, तेव्हा जवळ असू दे.

तुझी,
ताई