तोळा नेमका कोणाचा? कुरुंद्याच्या तागडीतून गांजाच्या मापांचा इतिहास

वसमत तालुक्यातील कुरुंदा हे आज हळदीच्या पट्ट्यातले गाव. इथली हळद क्विंटलने विकली जाते आणि साखर कारखान्याचा ऊस टनाने मोजला जातो. तोळा उरला आहे तो सोनाराच्या दुकानात. आणखी एका व्यवहारातही तो उरला आहे, पण तिथे दुकान नसते आणि पावती मिळत नाही. गांजा-चरसाच्या चोरट्या बाजारात तोळा, पुडी, चिमूट ही मापे अजून जिवंत आहेत. हा धागा त्या मापांचा आहे, आणि तागडीच्या पलीकडे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचाही.

आधी जुने कोष्टक. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा, पाच तोळ्यांची एक छटाक, सोळा छटाकांचा एक शेर, चाळीस शेरांचा एक मण. गुंज म्हणजे रानातल्या वेलीची ती लालभडक, काळ्या ठिपक्याची बी. तिचे वजन भरते जेमतेम ०.१२ ग्रॅम. प्रकृती ‘तोळामासा’ असणारी माणसे मराठीत अजून भेटतात. त्या शब्दामागचे वजन मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

या कोष्टकाला इंग्रजी अमलात एक विलक्षण गोष्ट जोडली गेली. १८३३ साली कंपनी सरकारने तोळा १८० ग्रेनांचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा ठरवला, आणि १८३५ च्या नाणेकायद्याने कंपनीचा चांदीचा रुपयाही नेमका तेवढ्याच वजनाचा केला. रुपया म्हणजेच तोळा. अधेली अर्धा तोळा, पावली पाव तोळा, चवली तोळ्याचा आठवा भाग. ज्याच्या कनवटीला चार नाणी होती, त्याच्याजवळ वजनांचा एक छोटा संचच होता. दुकानदाराचे वजन खोटे वाटले, तर आपला रुपया पारड्यात टाकून पाहावा. गिऱ्हाइकाच्या हाती इतके सोपे आणि इतके स्वतंत्र साधन त्यानंतर क्वचितच आले असेल.

पण कुरुंदा इंग्रजी मुलखात नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ते निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होते. (हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी.) निजामाच्या राज्याचे चलन स्वतंत्र होते: हाली सिक्का. उत्तरेला पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड. ते १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात, आणि तिथे चाले तो कलदार रुपया. हिंगोलीला तर हैदराबाद कंटिंजंटची छावणीच होती. दोन रुपयांच्या सीमेवरचा हा मुलूख.

हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम, कलदाराचे ११.६६. फरक अर्ध्या ग्रॅमचा, म्हणजे बरोबर चार गुंजांचा. कोणी कलदाराच्या जागी हाली रुपया पारड्यात ठेवून तोळा जोखला, तर दर तोळ्यामागे चार गुंजा कमी माल पदरात पडणार. ज्वारीच्या मापात याची कोणाला पर्वा नसते. सोन्यात असते, अफूत असते, आणि रोजच्या चिलमीपुरता गांजा घेणाऱ्यालाही असते. ‘मापात पाप’ करायला खोटे वजनच लागते असे नाही. खरेच, पण दुसऱ्या राज्याचे नाणेही पुरते.

त्या काळी इंग्रजी मुलखात गांजा परवान्याच्या दुकानात मिळे. लागवडीला परवाना, साठवणुकीला सरकारी गोदाम, विक्रीला लिलावाने दिलेले दुकान, आणि शेरावर कर. मुंबई इलाख्यात अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे लागवडीचे मुख्य केंद्र होते, मध्य प्रांतात खांडवा. १८९३ साली ब्रिटिश संसदेत या व्यसनाविषयी प्रश्न उपस्थित झाला आणि डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले गेले. त्याने अकराशेहून अधिक साक्षी नोंदवल्या आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल दिला. माफक सेवनाने फारसा अपाय होत नाही, बंदी घालू नये, नियंत्रण मात्र कडक करावे, असा त्याचा एकंदर कल होता. हा निष्कर्ष वारंवार उद्धृत होतो. त्याहून उद्बोधक आहे आयोगाची प्रश्नावली. माफक सेवन करणाऱ्याला रोज किती माल लागतो, अतिसेवन करणाऱ्याला किती, आणि त्याला खर्च किती येतो, हेही साक्षीदारांना विचारले गेले होते. गिऱ्हाइकाच्या बाजूने माप पाहणारे सरकारी कागद फार थोडे असतात. हा त्यांतला एक. अर्थात सरकारचे लक्ष गिऱ्हाइकाच्या फुप्फुसांपेक्षा महसुलाकडे अधिक होते, हेही विसरू नये.

बंगालमधील नौगावच्या गांज्याचे त्या काळी तीन प्रकार होते: चपटा, गोल आणि चूर. तिघांवरचा कर शेरामागे वेगवेगळा, कारण शेर तोच असला तरी आतला माल सारखा नव्हता. चपट्यात काड्यांचा भरणा अधिक, चुऱ्यात जवळजवळ नाहीच. म्हणून चुऱ्यावरचा कर सर्वांत जड. वजन आणि ऐवज या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे महसूल खात्याला चांगलेच कळले होते.

आता बोलीभाषेकडे वळू. मराठी मापे बहुधा अर्ध्याअर्ध्याने उतरतात: शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक. धान्यातही तेच: दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर. याचे कारण तागडीतच आहे. दोन पारडी समतोल केली की कोणत्याही वजनावाचून मालाचे दोन सारखे भाग होतात. पुन्हा केले की पाव, आणखी एकदा केले की आठवा भाग. नवटाक म्हणजे शेराचा आठवा हिस्सा. पुढे मुंबईच्या दारूबंदीत ‘नवटाक’ हे दारूच्या घोटाचेच नाव होऊन बसले. शेर गेला, नवटाक राहिली. अमेरिकेतल्या चोरट्या बाजारात ‘एट्थ’ मागतात, तोही औंसाचा आठवा भाग, सुमारे साडेतीन ग्रॅम. वसमतचा वाणी आणि कॅलिफोर्नियाचा विक्रेता एकमेकांना कधी भेटले नाहीत. तागडीने दोघांना एकच हिशेब शिकवला.

दुसरी तऱ्हा किमतीच्या मापांची. आण्याची पुडी, दहा डॉलरची ‘डाइम बॅग’. इथे पैसे ठरलेले, माल मोकळा. पाच रुपयांचा बिस्किटपुडा वर्षागणिक बारीक होतो, पण त्यावर निव्वळ वजन छापावेच लागते. पुडीवर काही छापलेले नसते. काटा मारला म्हणून वजनमापे निरीक्षकाकडे तक्रार करता येत नाही, आणि विकणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते.

मधल्या काळात तोळाही बदलला. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान वजने आली, १९५८ पासून ती बाजारात उतरू लागली, आणि सराफांचा तोळा हळूहळू सरळ दहा ग्रॅमचा झाला. नाव तेच, वजन सुमारे चौदा टक्के कमी. आजच्या चोरट्या बाजारात कोणी ‘एक तोळा’ म्हणतो, तेव्हा तो दहा ग्रॅमचा की ११.६६ चा, हे विकणाराच ठरवतो. चांदीचा रुपया टाकून पाहण्याची सोय कधीच संपली.

१४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा अमलात आला. त्यात तोळा नाही, पुडी नाही. आहेत ते ग्रॅम आणि किलो. २००१ च्या अधिसूचनेनुसार गांजाचे ‘अल्प प्रमाण’ एक किलोपर्यंत आणि ‘व्यापारी प्रमाण’ वीस किलोंपासून; चरसासाठी हेच आकडे शंभर ग्रॅम आणि एक किलो. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत कैद, व्यापारी प्रमाणाला दहा ते वीस वर्षे आणि जवळजवळ बंद झालेला जामीन. निव्वळ सेवनालाही शिक्षा आहे: गांजासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला, तर कलम ६४-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देऊ शकते. हे कलम तरुणांमध्ये जितके माहीत असायला हवे तितके नाही.

मराठवाड्यात तुरीच्या किंवा कपाशीच्या ओळींत लपवलेली गांजाची झाडे सापडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि त्यांत पहिला आकडा किलोंचा असतो. इथे नौगावचा जुना प्रश्न परत येतो: वजन कशाचे धरायचे? कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. बिया आणि पाने वगळलेली आहेत, पण ती शेंड्यांसोबत नसतील तेव्हाच. सोबत असतील तर तीही पारड्यात जातात. भेसळीच्या मिश्रणांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये केवळ शुद्ध अमली अंश मोजावा असे म्हटले होते. २०२० च्या हिरा सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते बदलून संपूर्ण मिश्रणाचे वजन धरण्याचा निर्णय दिला.

इंग्रजी सरकारने काड्या जास्त म्हणून चपट्या गांजावरचा कर कमी ठेवला होता. आजच्या गिऱ्हाइकाला विक्रेता फुलोऱ्याच्या भावाने पाने आणि बिया मिसळून देतो, आणि पुढे पोलिसांच्या काट्यावर तीच पाने, त्याच बिया त्याच्या नावावर ग्रॅम म्हणून चढतात.