हुंडीच्या पाठीवरच्या सह्या

फुकट देणाऱ्याला कोणी अटी घालत नाही, अशी व्यापारी घरांतली सर्वसाधारण समजूत असते. या समजुतीला धक्का देणारा एक प्रकार गेल्या वर्षी आमच्या घरात चर्चेला आला. निवृत्तीनंतर हाती वेळ असल्याने मी त्याच्या मुळाशी जाऊन बरेच वाचले. ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटले, कारण आपल्या पेढ्यांचा त्याच्याशी वाटतो त्याहून जवळचा संबंध आहे.

माझा पुतण्या पुण्यात संगणक अभियंता आहे. त्याच्या लॅपटॉपवर लिनक्स ही प्रणाली आहे. लॅपटॉप झोपेतून जागा केला की टचपॅड चालत नसे. त्याने चार संध्याकाळी खर्च करून दोष शोधला, दुरुस्ती लिहिली आणि ती लिनक्सच्या देखभाल करणाऱ्यांकडे, ज्यांना मेंटेनर म्हणतात त्यांच्याकडे, पाठवून दिली. ती परत आली. दुसऱ्यांदा पाठवली, तीही परत आली. आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले बंधू, चाळीस वर्षे हळदीच्या पेढीवर बसलेले. ते म्हणाले, "फुकट माल देतोस आणि तो परत येतो? अशा गिऱ्हाइकाची पायरी पुन्हा चढू नये." मुलगाही हिरमुसला होता. "काका, तुम्हीच वाचा त्यांचे नियम," असे म्हणून त्याने मला ते दस्तऐवज पाठवले.

लिनक्सविषयी थोडे सांगितले पाहिजे. 1991 साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला आणि सर्वांना खुला केला. कोणीही तो वाचावा, बदलावा, वापरावा. आज अँड्रॉइडवर चालणारा प्रत्येक मोबाइल याच गाभ्यावर उभा आहे. गल्ल्यावर ठेवलेला फोन, गुमास्त्याच्या खिशातला फोन, त्यात बहुतेक सगळे आले. जगातील सर्वांत वेगवान अशा पाचशे महासंगणकांच्या यादीतले सर्वच्या सर्व संगणक 2017 पासून लिनक्सवर चालतात. असा गाभा हजारो लोक मिळून लिहितात आणि त्यातले बहुतेक एकमेकांना कधी भेटलेले नसतात. मग कोणाचे काम घ्यायचे आणि कोणाचे नाही, हे कसे ठरवायचे? त्यासाठी ते नियम आहेत.

ते वाचताना मला बँकेतले दिवस आठवले. एका दुरुस्तीत एकच बदल असावा, हा पहिला नियम. पुतण्याने टचपॅडची दुरुस्ती करताना त्याच फाइलमधील जुनी विस्कळीत मांडणीही नीटनेटकी करून टाकली होती. हेतू चांगला होता. पण उद्या त्या दुरुस्तीतून काही बिघडले, तर नेमके कशाने बिघडले हे कसे शोधणार? एका व्हाउचरवर दोन व्यवहार लिहून आणणाऱ्या कारकुनाला मीही परत पाठवत असे. दुसरा नियम असा की, काय बदलले यापेक्षा का बदलले हे आधी सांगावे: दोष काय होता, वापरणाऱ्याला त्याचा त्रास कसा होत होता. रोजकीर्दीत प्रत्येक नोंदीखाली आपण स्पष्टीकरण लिहितो, तेच हे. आकडा बरोबर असूनही स्पष्टीकरणाविना नोंद अपुरी राहते, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

तिसरा नियम मला सर्वांत आवडला. दोष पूर्वीच्या एखाद्या बदलामुळे शिरला असेल, तर त्या बदलाचा खूणक्रमांक, निदान त्याची पहिली 12 अक्षरे, दुरुस्तीत नोंदवायची. जुनी नोंद खोडायची नाही. ज्या नोंदीत चूक झाली तिचा हवाला देऊन नवी नोंद करायची. वहीत खाडाखोड करू नये, दुरुस्तीची नोंद घालावी, हा आपल्या पेढ्यांचा जुना रिवाज या मंडळींनी जसाच्या तसा पाळलेला पाहून मौज वाटली.

दुरुस्ती साध्या मजकुराच्या ईमेलने पाठवावी, सोबत फाइल जोडू नये, उत्तरासाठी किमान आठवडाभर धीर धरावा, दुसऱ्यांदा पाठवताना मागील वेळेपासून काय बदलले ते लिहावे, असे आणखीही पुष्कळ आहे. काही नियम मला अकारण किचकट वाटले. नवख्या माणसाची हे सारे वाचूनच दमछाक होत असणार आणि चांगले हात दारातूनच परत जात असणार. ही त्या पद्धतीची उणीव आहे, असे माझे मत.

तरीही अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर मला त्यातच मिळाले. देणारा देऊन मोकळा होतो. घेणाऱ्याला मात्र ती वस्तू पुढे वर्षानुवर्षे सांभाळावी लागते. उद्या नवे यंत्र आले आणि त्यावर हा बदल चालेनासा झाला, तर लोक पुतण्याला शोधत येणार नाहीत, मेंटेनरला विचारतील. तो ठेव स्वीकारतो आहे, आणि ठेव म्हणजे बँकेच्या डोक्यावरचे देणे, हे मी अण्णांना सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले.

आता सहीकडे येतो. प्रत्येक दुरुस्तीखाली पाठवणाऱ्याने "साइन्ड ऑफ बाय" असे लिहून आपले नाव घालावे लागते. त्यामागे एक निवेदन आहे. हे काम मी स्वतः केले असून ते देण्याचा मला हक्क आहे. किंवा ते योग्य परवान्याखाली असलेल्या दुसऱ्याच्या कामावर आधारलेले आहे. किंवा असेच निवेदन करणाऱ्याने ते मला दिले आणि मी त्यात बदल केलेला नाही. शिवाय ही नोंद कायम सार्वजनिक राहील हे मला ठाऊक आहे. पुढे ती दुरुस्ती ज्याच्या हातून वर जाते तो खाली आपली सही जोडतो. आपल्या वाडवडिलांनी हुंड्या पाहिल्या आहेत. हुंडी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना पाठीवर सही होत असे आणि त्या सह्यांवरून तिचा सारा प्रवास वाचता येई. तीच रीत ही.

ही सही सुरुवातीपासून नव्हती. 2003 च्या मार्चमध्ये एससीओ या अमेरिकी कंपनीने आयबीएमवर दावा लावला. युनिक्स या जुन्या प्रणालीतील आमच्या मालकीचा मजकूर आयबीएमने लिनक्समध्ये घातला, असा तिचा आरोप होता आणि मागणी शंभर कोटी डॉलरहून कमी नव्हती. युनिक्सचे हक्क मुळात एससीओकडे नसून नोव्हेल या कंपनीकडे आहेत, असा निर्णय ज्यूरीने 2010 मध्ये दिला; तरी आयबीएमबरोबरचा वाद 2021 पर्यंत रेंगाळला. त्या काळात एक प्रश्न सर्वांपुढे उभा राहिला: ही ओळ कोणी लिहिली आणि ती कोठून आली, याचा पुरावा कोठे आहे? 2004 मध्ये टोरवाल्ड्स यांनी सहीची पद्धत आणली ती यातून. प्रारंभी खरे नाव सक्तीचे होते. 2023 पासून लोक ज्या नावाने ओळखतात ते नाव चालते; निनावी मात्र चालत नाही.

सही असली म्हणजे विश्वास आला, असे मात्र नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील काही संशोधकांनी जाणूनबुजून दोष असलेल्या दुरुस्त्या पाठवून, त्या पकडल्या जातात की नाही याचा प्रयोग केला. 2021 च्या एप्रिलमध्ये ग्रेग क्रोह-हार्टमन या ज्येष्ठ मेंटेनरने त्या विद्यापीठाकडून येणारे काम घेणेच थांबवले, आणि पूर्वी आलेल्या त्यांच्या दुरुस्त्या पुन्हा तपासायला काढल्या. संशोधकांनी माफी मागितली, निबंध मागे घेतला. पण तपासणीत किती जणांचे कितीतरी तास गेले असतील! खोट्या नोटा गल्ल्यात सरकवून रोखपालाची परीक्षा घेणाऱ्याला बँकेत काय म्हटले असते, ते येथे लिहिण्याजोगे नाही.

पुतण्याने तिसऱ्यांदा दोन स्वतंत्र दुरुस्त्या केल्या, कारण लिहिले, जुन्या बदलाचा हवाला दिला. या वेळी त्या स्वीकारल्या गेल्या. खाली त्याचे नाव आणि त्याखाली मेंटेनरचे. अण्णांनी ते पान दुकानातल्या संगणकावर उघडून मुनीमजींना दाखवले.

माझे मन मात्र दुसऱ्याच एका प्रकरणात अडकून राहिले आहे. एक्सझेड नावाचे, फाइली लहान करून ठेवणारे छोटे सॉफ्टवेअर असंख्य सर्व्हरांवर असते. ते फिनलंडमधील लासे कॉलिन हे गृहस्थ वर्षानुवर्षे जवळजवळ एकटेच, विनामोबदला सांभाळत होते. जिया टॅन या नावाने कोणीतरी 2021 पासून मदत पाठवू लागले. काम व्यवस्थित, भाषा नम्र, नियमांचे पालन चोख. दमलेल्या माणसाला हात मिळाला आणि हळूहळू किल्ल्याही त्या हाती गेल्या. 2024 च्या आरंभी त्याच हाताने सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा बसवला. मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. तेवढ्या धाग्यावरून त्यांनी तो शोधून काढला, म्हणून तो बहुतेकांच्या संगणकांवर पोहोचण्याआधीच थांबला. जिया टॅन कोण, हे आजही उघड झालेले नाही.

तेथे नाव होते, नियम होते. दुसरा तपासनीस नव्हता. बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासायची. महत्त्वाच्या जागेवरच्या माणसाला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वर्षातून सलग दहा कामाचे दिवस सक्तीची रजा घ्यावी लागते, म्हणजे त्याच्या खुर्चीवर दुसरा बसून कागद पाहतो. कॉलिन यांच्या खुर्चीवर बसायला कोण होते? हिशेबाच्या पॅकेजची वार्षिक देखभाल फी आपण मुकाट्याने भरतो. ज्या पायावर अशी पॅकेजे आणि सर्व्हर उभे असतात, त्याची फी कोणी मागत नाही, म्हणून कोणी देत नाही.

प्रकरण उघडकीस आल्यावर जगभरातील कंपन्यांनी आपापले सर्व्हर तपासले. कॉलिन पुन्हा कामाला बसले, जिया टॅनच्या नावावरचे बदल त्यांनी तपासून काढले आणि 29 मे 2024 रोजी 5.6.2 ही स्वच्छ आवृत्ती प्रसिद्ध केली.