आधी पगार

सकाळच्या पहिल्या शिफ्टला अंबरनाथच्या पालेगावातून आनंदनगर एमआयडीसीकडे रिक्षा भरभरून जातात. नव्या टॉवरांच्या गेटाबाहेर बायका घोळक्याने उभ्या असतात. खांद्याला डब्याची पिशवी, गळ्यात गेटपास, केस घट्ट बांधलेले. रिक्षात अहिराणी, वऱ्हाडी, मालवणीत मोकळ्या गप्पा चालतात. कंपनीत शिरलं की याच बायका बेताचं, दबकं बोलू लागतात. त्यांच्यातली एखादी लाइन लीडर झाली, की पहिला सल्ला मिळतो तो ‘आता जरा कडक राहा’ असा. कडक म्हणजे साहेबासारखं. हा सल्ला मला फार खुपतो, कारण साहेबासारखं न होता कंपनी सांभाळणारी एक बाई इथून जवळच घडली.

अंबरनाथहून तिसरं स्टेशन कल्याण. तिथूनच पुढे आलेल्या उद्योजिका कल्पना सरोज मूळच्या अकोला जिल्ह्यातल्या. बाराव्या वर्षी लग्न, सासरी छळ, वडिलांनी घरी परत आणलं, तर गावाने जगू दिलं नाही. मुंबईत होजिअरीच्या कारखान्यात मशीनपुढे बसवलं, तर हातपाय थरथरू लागले. मग धागे कापायचं काम मिळालं, दिवसाला 2 रुपये. जेवणाच्या सुट्टीत सगळे उठले, की ही पोर एकटीच मशीनवर हात बसवायची. हे सारं त्या स्वतःच जाहीरपणे सांगतात.

कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज ही कंपनी मालकांच्या घरगुती भांडणात खिळखिळी झाली आणि 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने कामगारांच्या हाती आली. तो प्रयोगही तगला नाही. 116 कोटींचं कर्ज, 140 खटले आणि पगाराविना पाचशेहून जास्त घरं. 2000 च्या सुमारास हे कामगार तोवर उद्योजिका झालेल्या कल्पनाताईंकडे आले. तांब्या-पितळेच्या नळ्यांतलं त्यांना काहीच कळत नव्हतं, पण उपाशी घर म्हणजे काय ते पुरतं कळत होतं. 2006 साली त्या अध्यक्ष झाल्या. थकलेले पगार चुकते करायला तीन वर्षांची मुदत होती. त्यांनी ते तीन महिन्यांत चुकते केले.

बुडत्या कंपनीत आधी बँक, मग कच्चा माल, मग वीजबिल आणि उरलंच तर कामगार, अशी रीत असते. ती मोडायला हिशेबाचं धाडस लागतंच. पण वाण्याची उधारी, शाळेची फी, घरभाडं यांची तारीख चुकली की घरात काय होतं, हे अंगावर सोसलेलं असावं लागतं. कल्पनाताई खुर्चीत बसल्या त्या धागे कापणाऱ्या पोरीला सोबत घेऊन. तिला त्यांनी गेटाबाहेर ठेवलं नाही, हे मला त्यांच्या सगळ्या यशाहून मोठं वाटतं.

2013 मध्ये पद्मश्री मिळाली. कौतुक झालं ते गरिबीतून वर आलेली बाई म्हणून. त्या तीन महिन्यांबद्दल मात्र फारसं कोणी विचारत नाही. आमच्या एमआयडीसीतल्या कारखानदारांनी त्यांना एकदा बोलवावं, सत्काराला नव्हे, तर पैसा अपुरा असताना पहिला चेक कोणाच्या नावे फाडायचा, हे विचारायला. आणि त्या दिवशी पुढच्या रांगेत लाइन लीडर बायकांना बसवावं.