नदीचे गोटे

नदीतील वाळू, गोटे आणि गाळ यांचा विचार कौटुंबिक मासिकाच्या पानांत कशासाठी, अशी शंका कित्येक वाचकांच्या मनात येईल. हा विषय इंजिनियरांचा, फार तर नगरपालिकेचा, असे आपण धरून चालतो. परंतु ज्यांच्या घरात पुराचे पाणी एकदा शिरून गेले आहे, त्यांस ही शंका येणार नाही. पुराचे पाणी प्रथम शिरते ते कचेरीत नव्हे. ते शिरते कोठीच्या खोलीत, देवघरात आणि आजीच्या औषधांच्या कपाटात. म्हणून नदीचा प्रश्न हा गृहस्थाचाच प्रश्न आहे, आणि त्याविषयी चार शब्द लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच, की मी महाडचा रहिवासी आहे आणि आयुष्यभर मुलांना संस्कृत व गणित शिकवीत आलो आहे. या विषयात दोन्हींचा उपयोग झाला.

ज्यांनी महाड पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडा भूगोल सांगणे अवश्य आहे. सावित्री महाबळेश्वरास उगम पावते, पोलादपुरावरून खाली येते आणि महाडवरून बाणकोटच्या खाडीस मिळते. रायगडाच्या दोन अंगांनी उतरणाऱ्या काळ आणि गांधारी या नद्या महाडच्या परिसरातच तिला येऊन मिळतात. कोकणच्या नद्यांचा स्वभाव देशावरच्या नद्यांहून निराळा. सह्याद्रीवरून त्या कड्यासारख्या कोसळतात, आणि पायथ्याशी येताच त्यांचा उतार एकाएकी सरतो. वेग असेपर्यंत पाणी दगडगोटे वाहून आणते; वेग सरला की ओझे खाली ठेवते, प्रथम मोठे गोटे, मग बारीक खडी, मग वाळू आणि सर्वांच्या शेवटी गाळ. त्यात खालून समुद्राची भरती पाणी अडवून धरते. असा तिठा जेथे झाला आहे, तेथेच आमचे गाव वसलेले आहे.

२००५ च्या जुलैत महाड तालुक्याने महापूर आणि दरडी दोन्ही भोगल्या. २२ जुलै २०२१ रोजी पुन्हा तोच प्रसंग आला. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या दुःखापुढे आमची हानी ती काय! तथापि आमच्या एकत्र कुटुंबातील तीन पिढ्यांनी ती रात्र माडीवर बसून काढली, आणि माझ्या पुतण्याचे भुसारी मालाचे दुकान छतापर्यंत बुडाले. चिखल निघाला, परंतु त्याच्या मनातील भीती निघाली नाही. अजूनही आषाढात रात्री पावसाचा जोर वाढला, की तो उठून ओटीवर येऊन बसतो.

२०२१ नंतर महाडास आणि चिपळुणासही नदीपात्र मोकळे करण्याची मागणी जोराने उठली. चिपळुणास तर त्यासाठी लोक धरण्यास बसले. पुढे कामे निघाली, यंत्रे नदीत उतरली. आमच्या घरी या विषयावर रोज रात्री जेवणानंतर वाद होऊ लागला. पुतण्याचे म्हणणे सरळ होते. नदी भरली आहे म्हणून पाणी गावात येते. तेव्हा तळाचा कातळ लागेपर्यंत, उगमापासून मुखापर्यंत ती उपसून काढावी. मी माशांचा विषय काढताच तो म्हणाला, "काका, मासे वाचवायचे की माणसं? आणि आपल्या घरात तर कोणी मासे खातही नाही!" सगळे हसले. मीही हसलो. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ज्याचे दुकान बुडाले त्याचा तो प्रश्न होता, म्हणून मी त्याचे उत्तर शोधू लागलो.

प्रथम शब्दांचा विचार करू. आपण सर्वच वस्तूंना 'गाळ' म्हणतो, आणि घोटाळा येथूनच सुरू होतो. गाळ म्हणजे मऊ माती. धरणातला गाळ शेतात पसरला तर पीक चांगले येते. राज्य सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना त्याच तत्त्वावर उभी आहे. वाळू आणि गोटे ही वस्तू निराळी. संस्कृतात खड्यांना 'शर्करा' म्हणतात. त्याच शब्दापासून साखर झाली, आणि आपल्या खडीसाखरेत तर दोन्ही अर्थ शेजारी नांदत आहेत. नदीच्या खडीलाही आजच्या बाजारात साखरेची गोडी आली आहे. घरे, पूल, रस्ते या सर्वांना ती हवी. त्यामुळे कागदावर 'गाळ' लिहून गाडीत वाळू भरण्याचा मोह कोठेही उत्पन्न होऊ शकतो. ज्या वैद्याचे औषधाचे दुकानही असते, त्याने सांगितलेली मात्रा जरा तपासून घ्यावी, एवढेच माझे म्हणणे.

आता गणित. हे उदाहरण मी पुतण्याला पाटीवर मांडून दाखविले. समजा, नदीच्या तळाशी १०० मीटर लांब, ५० मीटर रुंद आणि २ मीटर खोल असा खड्डा आपण खणला. त्याचे घनफळ झाले १०,००० घनमीटर. म्हणजे शेकडो गाड्यांचा माल निघाला. आता समजा, महापुरात दर सेकंदाला २,००० घनमीटर पाणी येत आहे. तो खड्डा रिकामा असता तरी भरावयास किती वेळ लागेल? पाच सेकंद! आणि प्रत्यक्षात तो रिकामा नसतोच. पावसाळ्याच्या पहिल्या सरींनी, आणि खाडीच्या टापूत रोजच्या भरतीने, तो आधीच काठोकाठ भरलेला असतो. भरलेल्या घागरीत आणखी पाणी मावत नाही. पूर उतरतो तो खड्ड्याने नव्हे, वाटेने. पाण्याला पुढे जाण्यास सलग उतार आणि पुरेशी रुंदी मिळाली तरच त्याची पातळी खाली येते. संगमावर वाढलेली बेटे, पुलांच्या बुजलेल्या मोऱ्या, खाडीतून गेलेले रेल्वेचे व रस्त्यांचे भराव, काठावर पात्रात सरकलेली बांधकामे, ही वाटेतील अडचण होय. ती दूर केली तर गुण येतो. वर डोंगरापाशी गोटे उपसून गावातील पाणी उतरत नाही.

उलट अपाय होतो. वाहत्या पाण्यात ओझे वाहण्याची शक्ती असते. आपण त्याचे ओझे काढून घेतले, की ते दुसरे शोधते. कोंडॉल्फ नावाच्या एका अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९७ साली अशा पाण्याला 'भुकेले पाणी' असे समर्पक नाव दिले. हे भुकेले पाणी काठ खाते, पुलांच्या पायांखालची भर खाते, आणि खणलेल्या खड्ड्याच्या वरच्या बाजूस तळ पोखरत जाते. तळ खाली गेला की काठच्या विहिरींचे पाणीही त्याच्याबरोबर खाली जाते. म्हणजे पावसाळ्यातील पूर तर टळत नाहीच, वर उन्हाळ्यातील टंचाई पदरी येते.

आता माशाकडे वळू. बिरवाडीच्या वर, काळ नदीच्या पात्रात, वाळणकोंड नावाचे डोह आहेत. काठी वरदायिनी देवीचे स्थान आहे. त्या डोहातील मासे देवीचे मानलेले असल्यामुळे तेथे कोणी गळ टाकीत नाही की जाळे लावीत नाही. हात हात लांबीचे ते मासे यात्रेकरूंनी टाकलेला खाऊ घेण्यास निर्भयपणे वर येतात. हे महसीर जातीचे मासे. १८३९ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात पुण्याच्या मुळा-मुठेतील याच जातीच्या माशाला त्याने शास्त्रीय नाव दिले; तो पुष्कळ नावे येथील लोकांच्या बोलीतूनच उचलीत असे. या माशाची गृहव्यवस्था पाहण्यासारखी आहे. उन्हाळ्यात इतर पात्र आटले म्हणजे तो खोल डोहात राहतो. पावसाळ्यात नदीला पाणी आले की वर चढतो आणि उथळ, स्वच्छ, खडकाळ जागी अंडी घालतो. ती अंडी गोट्यांच्या फटींत उतरतात. फटींतून वाहणारे ताजे पाणी हाच त्यांचा श्वास. गोटे उचलून नेले तर पाळणाच गेला. आणि यंत्रांनी तळ ढवळून वरून चिखल बसविला तर पाळण्यातले बाळ गुदमरले. धरणांमुळे आणि अशा उपशामुळे हा मासा अनेक ठिकाणी इतका कमी झाला, की लोणावळ्याजवळ वळवण येथे त्याची पिले मुद्दाम वाढवून सोडण्याचा उद्योग करावा लागला. ज्या वाळणकोंडास कोणत्याही खात्याची मदत नव्हती, तेथे तो केवळ लोकांच्या श्रद्धेने राखला गेला.

हा वाद केवळ आपल्याकडचाच आहे असेही नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फ्रेझर नावाची मोठी नदी आहे. १८९४ आणि १९४८ साली तिला महापूर आले, त्यांची धास्ती तेथील लोकांच्या मनात आहे. ती नदीही पहाड सोडून सपाटीवर येताच दरसाल अंदाजे २ ते ३ लाख घनमीटर खडी टाकते. तेव्हा पूर टाळण्यासाठी खडी काढावी, असे एका पक्षाचे म्हणणे. त्या खडीतच साल्मन मासे अंडी घालतात, असे दुसऱ्याचे. २००६ साली खडीच्या एका बेटापर्यंत गाड्या नेण्यासाठी प्रवाहात भर टाकून वाट बांधली. त्यामुळे खालच्या अंगाचा फाटा कोरडा पडला, आणि खडीत दडलेली साल्मनची लक्षावधी पिले मेली. तेथील अभ्यासकांनी पुढे हेही दाखविले, की चार ठिकाणची खडी काढल्याने पुराची पातळी म्हणण्यासारखी उतरत नाही. मासे गेले आणि पूर राहिला, असा तो व्यवहार झाला.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार यांच्या खटल्यात, वाळूच्या लहान खाणींनाही पर्यावरणाची परवानगी आवश्यक ठरविली. केंद्र सरकारच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे उपसा ३ मीटरपेक्षा खोल असू नये, आणि काठापासून नदीच्या रुंदीचा चौथा हिस्सा, निदान साडेसात मीटर, सोडावा. परंतु २०१६ च्या अधिसूचनेने, आपत्तिनिवारणासाठी नदीचा गाळ काढण्याच्या कामास त्या परवानगीतून सूट दिली आहे. सूट देणे योग्यच. घरात पाणी शिरत असता परवानगीची वाट कोण पाहील? मात्र याच दारातून 'गाळ' या नावाने काय बाहेर जाते, ते पाहणारे कोणी तरी हवे. ते काम आपल्यावाचून दुसरे कोण करणार?

शतपथ ब्राह्मणातील मनूची कथा आपण मुलांना सांगतो. हात धुण्याच्या पाण्यात मनूला एक लहानसा मासा मिळाला. त्याने तो आधी घागरीत, मग खड्ड्यात आणि शेवटी समुद्रात राखला. आणि महापूर आला तेव्हा त्याच माशाने मनूची नाव ओढून नेली. मी या कथेतून शास्त्र काढू इच्छीत नाही. परंतु मासा आणि पूर यांची सांगड आपल्या पूर्वजांनी वैराची घातली नाही, सख्याची घातली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्या डोहात महसीर सुखाने राहतो, त्या नदीचा तळ जागेवर आहे, काठ शाबूत आहे आणि पाणी स्वच्छ आहे, अशी खूण समजावी. तो नाहीसा होऊ लागला, तर नदीचे काही तरी बिघडले आहे.

पुतण्याच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. मनुष्याचा जीव आधी, यात मला तिळमात्र संशय नाही. संगमावरील बेट काढल्याने गावातील पाणी हातभर उतरणार असेल, तर ते अवश्य काढावे. तेथेही खाडीचे मासे आहेत आणि त्यांवर पोट असणारी कुटुंबे आहेत, म्हणून ते एकदम न काढता टप्प्याटप्प्याने काढावे. पावसापूर्वी काम संपवावे, काठ सोडावा. आणि हे एकदाच करून भागणार नाही. सह्याद्री दरसाल नवे ओझे पाठवितो, म्हणून दर पावसाळ्याच्या आधी व नंतर पात्र मोजून मगच किती काढावयाचे ते ठरवावे. परंतु वरच्या अंगाचे डोह आणि गोट्यांची उथळ जागा यांना हात लावू नये. तेथे माशाचे सर्वस्व जाते आणि आपल्या पदरी काही पडत नाही. 'मासे की माणसे' हा प्रश्न बहुधा तेथेच विचारला जातो, जेथे खरोखर दोघांपैकी कोणाचेच हित नसते.

पुतण्याला सर्व पटले असे मी म्हणणार नाही. दुकानाचा माल त्याने आता माडीवर ठेवण्याची सोय केली आहे, ती मला माझ्या सर्व युक्तिवादांहून अधिक शहाणपणाची वाटते. मात्र मागील सभेला तो गेला तेव्हा खिशात एक कागद घेऊन गेला. त्यावर चार प्रश्न होते : कोठून काढणार, किती काढणार, कोणत्या महिन्यात काढणार, आणि काढलेले कोणास देणार? नदीकाठी राहणाऱ्या प्रत्येक गृहस्थाने हे चार प्रश्न पाठ करून ठेवावेत. ज्या कामाला या चारही प्रश्नांची उत्तरे देता येतील, त्या कामाला अवश्य हात द्यावा. ज्याला देता येणार नाहीत, ते काम पुरासाठी चालले आहे असे कोणी कितीही सांगितले तरी एकदम विश्वास ठेवू नये.