बॉनेटखालचा शिलालेख

मंडळी, आजचे साधन ना ताम्रपट आहे ना बखर. मोटारीच्या बॉनेटखाली चिकटवलेली ती एक चिठ्ठी आहे.

गेल्या ऑक्टोबरात मामांसोबत नाशिकहून दाभोसा धबधब्याकडे निघालो होतो. मोखाडा ओलांडले आणि एसी कोमट वारा देऊ लागला. जव्हारच्या एका गॅरेजात मेकॅनिकने पाइपाच्या सांध्यावरचा तेलकट डाग दाखवला. "गॅस गळतोय साहेब. तूर्त भरून देतो, महिनाभर चालेल." मामांनी मान डोलावली. माझी नजर चिठ्ठीवर खिळली होती : 'आर-१३४ए, ४५० ग्रॅम'.

हा आकडा वाचता येतो. शेवटचा अंक फ्लोरीनचे अणू सांगतो : ४. मधल्यातून एक वजा केला की हायड्रोजन : २. पहिल्यात एक मिळवला की कार्बन : २. कार्बनला चार हात असतात. दोन कार्बनांनी एकमेकांचा एकेक हात धरला की सहा उरतात, आणि ते सहाही येथे भरलेले आहेत.

आता याच्या पूर्वजाकडे, आर-१२ कडे वळू. कार्बन १, हायड्रोजन ०, फ्लोरीन २. दोन हात रिकामे! आकड्यात न लिहिलेले ते दोन अणू क्लोरीनचे. सारा इतिहास त्या न लिहिलेल्या जागेत दडला आहे.

१९३० मध्ये टॉमस मिजली यांनी अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांसमोर हा वायू छातीत भरून घेतला आणि उच्छ्वासाने मेणबत्ती विझवली. विषारी नाही, पेटत नाही, सहजी विघटित होत नाही. या शेवटच्या गुणानेच घात केला. खाली न विघटणारा वायू उंच वातावरणात पोहोचतो, तेथे अतिनील किरणांनी क्लोरीन सुटतो आणि ओझोन नष्ट करतो, असे १९७४ मध्ये रोलंड आणि मोलिना यांनी मांडले. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला.

तेव्हा आलेल्या १३४ए मध्ये क्लोरीन नाही, कामाचे गुण मात्र जवळपास तेच. साध्या दाबाखाली तो उणे २६ अंशांना उकळतो, म्हणून गाडीतील उष्णता शोषून घेतो. सुमारे १३ पट दाबाखाली ५० अंशांनाही द्रवरूप होतो, म्हणून तीच उष्णता भर उन्हात बाहेर टाकू शकतो. माठ पाझरून गार होतो, तत्त्व तेच; फक्त येथे पाझरलेले पुन्हा गोळा केले जाते.

गोळा होईल तोवर, अर्थात. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता अडवतो. म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीने त्याचाही वापर घटवायचे ठरले. चिठ्ठीवरचे ४५० ग्रॅम म्हणजे सहाशे किलोंच्या घरात.

"मामा, आता नको भरूया. सांध्याची रिंग बदलून मगच भरू."

रिंग जव्हारला नव्हती. काचा खाली करून निघालो. धबधबा येईपर्यंत मामांनी माझ्याशी अवाक्षर काढले नाही.